एक्कावन्नावा साक्षीदार

"शिक्का तुमचाच आहे," वैद्यकीय अधीक्षक म्हणाले, "आणि शिक्का खोटा असू शकत नाही."

त्रिशलानं समोरचा कागद तिसऱ्यांदा वाचला. रुग्ण, नेमिनाथ भूपाल मगदूम, वय अठ्ठ्याहत्तर. संमतीधारक, त्रिशला नेमिनाथ मगदूम, मुलगी. कृती, श्वसनयंत्र थांबवणे. वेळ, सकाळी अकरा वाजून चार मिनिटं. त्याखाली अक्षरं-आकड्यांच्या चार ओळी आणि एक हिरवी खूण.

"अकरा वाजून चार मिनिटांनी मी तंत्रनिकेतनात गणिताचा तास घेत होते. साठ मुलांसमोर. फोन स्टाफरूमच्या कपाटात होता."

"तुम्ही म्हणता म्हणून होता, मॅडम. फळ्याकडे वळून लिहिता लिहितासुद्धा शिक्का देता येतो."

"आणि तुमच्या डॉक्टरांना मला एकदा फोन करून विचारावंसं वाटलं नाही?"

"विचारायचं नाही असा नियम आहे." अधीक्षकांनी नियमाचा क्रमांकही सांगितला. "पहिल्या वर्षी विचारायचो. नातेवाईक हो म्हणायचे, रडायचे, नाही म्हणायचे, व्हरांड्यात एकमेकांची कॉलर धरायचे. मग शासनानं ठरवलं, शिक्का आला की विषय संपला. त्यासाठीच शिक्का आहे."

तिच्या शेजारी तिचा मोठा भाऊ अभिनंदन बसला होता. बंगळुरूहून तो मिरजेला पोचला तेव्हा अप्पांना शवागारात हलवून सहा तास झाले होते. त्याच्या पलीकडे रत्नाआत्या, अप्पांची धाकटी बहीण. अभिनंदननं कागद स्वतःकडे ओढला.

"मला एवढंच सांग, एक फोन का नाही केलास? मी काय अडवलं असतं तुला?"

"दादा, मी शिक्का दिलेला नाही."

"मग कुणी दिला? ह्या टेबलानं?"

"मला माहीत नाही."

"तुला माहीत नाही. तुझा शिक्का, तुझा फोन, तुझा बाप. आणि तुला माहीत नाही."

आत्या उठली. पदर खांद्यावर घट्ट ओढून घेत म्हणाली, "चल अभी. रिक्षा बघ. हिच्या गाडीत मी बसायची नाही."

सांगलीपर्यंतचे अकरा किलोमीटर त्रिशला एकटी आली.

संमती-शिक्का येऊन सहा वर्षं झाली होती आणि राज्यात तो सव्वा कोटी लोकांजवळ होता. त्याच्यामागचं गणित त्रिशला दर वर्षी वर्गात शिकवायची. प्रत्येकाजवळ एक गुप्त संख्या असते. एक ठरावीक छोटा आकडा घ्यायचा, त्याचा त्या गुप्त संख्येइतका घात करायचा आणि येणाऱ्या अवाढव्य उत्तराला एका जाहीर, भल्यामोठ्या संख्येनं भागून फक्त बाकी ठेवायची. ही बाकी जगाला दिसली तरी चालते. घड्याळाचा काटा तीनवर आहे एवढं दिसतं, तो किती फेऱ्या मारून तिथं आला हे दिसत नाही, तसं. बाकीवरून मागे गुप्त संख्येपर्यंत जायला जगातले सगळे संगणक अपुरे पडतात.

मात्र ती भलीमोठी संख्या मूळ हवी. एक आणि ती स्वतः यांखेरीज कुणीही तिला निःशेष भागता कामा नये. तिचे तुकडे पडत असतील तर प्रत्येक तुकड्यापुरतं लहान गणित सोडवता येतं आणि लहान उत्तरं जुळवून मोठं उत्तर मिळतं. मग कुणाचाही शिक्का कुणीही देऊ शकतो.

राज्याची संख्या सहाशे सतरा अंकी होती. सव्वा कोटी शिक्के त्या एकाच संख्येवर उभे होते. ती मूळ असल्याचा दाखला पाच गणितज्ञांच्या समितीनं दिला होता आणि त्यावरची पहिली सही प्रा. नेमिनाथ मगदूम यांची होती.

घरी आत्यानं तिच्या हातचं पाणीही घेणं बंद केलं. त्रिशलानं केलेला चहा तिच्यासमोर बेसिनमध्ये ओतून ती कप विसळून ठेवी. अभिनंदन बाल्कनीत उभा राहून एकेका नातेवाइकाला फोन करी, आणि आवाज कमी करायची त्याला गरज वाटत नसे. "हो, तिनंच. नाही, आम्हाला कुणालाच नाही. आपल्या हातात काय राहिलं आता, मामा."

कुणालाही ठाऊक नसलेली एक गोष्ट त्रिशलाजवळ होती आणि ती सांगून तिची सुटका होणार नव्हती. उलट झालं असतं.

अप्पांचा आजार स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी एकेक करून मारणारा होता. आधी बोटं गेली, मग पाय, मग गिळणं, मग वाचा, शेवटी श्वास. बुद्धीला मात्र आजाराचा स्पर्शही होत नाही. डोळे चालत होते. नजर जिथं ठरेल ते अक्षर उमटवणारा एक पडदा खाटेवर लावलेला होता आणि त्याच्यावर अप्पा मिनिटाला सात-आठ शब्द लिहीत, गणितं करत, वर्तमानपत्रातल्या चुका काढत. यंत्रावर असलेल्या माणसाची स्वतःची इच्छा मात्र कायद्याला चालत नव्हती. त्यानं बोलता येत असताना नेमलेल्या संमतीधारकाचीच चाले. अप्पांनी त्रिशलाला नेमलं होतं. नाव बदलायचं तर तोंडानं बोलून दाखवावं लागे, आणि वाचा तर गेली होती.

मे महिन्यात त्यांनी पहिल्यांदा लिहिलं, "पुरे झालं. शिक्का दे." तिनं हसण्यावारी नेलं. दुसऱ्यांदा त्यांनी एखादी सिद्धता मांडावी तशी सात पायऱ्यांत मांडणी केली आणि खाली लिहिलं, "चूक दाखव." तिनं पडदा बंद केला. तो अर्धा तास बंद ठेवला, म्हणजे त्यांची वाचा अर्धा तास बंद ठेवली. तिसऱ्यांदा जूनमध्ये. "माझ्या आईनं सल्लेखना घेतली, अन्नपाणी सोडून देह ठेवायचं ठरवलं, तेव्हा घरातल्या एकेकाला बोलावून विचारलं होतं, जाऊ का. मी एकोणीस वर्षांचा होतो. मी हो म्हणालो. आता मी विचारतोय."

"मला जमणार नाही, अप्पा," ती म्हणाली. "दुसरं काहीही मागा."

त्यांनी परत विचारलं नाही.

तेव्हा अडचण अशी होती, की ज्या गोष्टीला ती तीनदा नाही म्हणाली होती तीच केल्याचा आरोप तिच्यावर होता. आणि ज्यानं साक्ष दिली असती तो माणूस गेला होता.

अकराव्या दिवशी सकाळी तिनं समितीचा जुना अहवाल उघडला. डोक्यात एकच सरळ विचार होता. शिक्का बरोबर आहे आणि मी तो दिलेला नाही, ही दोन्ही वाक्यं खरी असतील तर ती संख्या खोटी आहे.

एवढी मोठी संख्या मूळ आहे का, हे भागून पाहत नाहीत. तसं करत बसलं तर सूर्य विझेल आणि भागाकार उरेल. त्याऐवजी साक्षीदार बोलावतात. कुठलीही एक संख्या घ्यायची, तिचे वर्गामागून वर्ग करत ठरलेल्या घातापर्यंत जायचं आणि दर पायरीला मोठ्या संख्येनं भागून बाकी ठेवायची. शेवटी बाकी एक यावी लागते. आणि त्या एकच्या आधीच्या पायरीला, म्हणजे त्याच्या वर्गमुळाच्या जागी, एक तरी दिसायला हवा किंवा उणे एक. मूळ संख्येच्या राज्यात एकला ही दोनच वर्गमुळं असतात. तिसरं सापडलं तर संख्या मूळ नाही, वाद संपला. संख्या संयुक्त असेल तर चारांतले किमान तीन साक्षीदार तिचं बिंग फोडतात. पन्नास जणांनी तिला मूळ म्हटलं तर शंकेला जागा उरत नाही.

फक्त साक्षीदार आयत्या वेळी, चिठ्ठी टाकून बोलवावे लागतात.

अहवालाच्या अकराव्या पानावर लिहिलं होतं, "पारदर्शकतेच्या दृष्टीने, तसेच सदर चाचणी कोणाही नागरिकास जशीच्या तशी पुन्हा करून पाहता यावी यासाठी, साक्षीदार संख्या निविदेसोबतच प्रसिद्ध करण्यात आल्या आहेत. दोन ते दोनशे एकोणतीस, पहिल्या पन्नास मूळ संख्या."

त्रिशलानं ते वाक्य दोनदा वाचलं. निविदा निघाल्यापासून संख्या दाखल होईपर्यंत सहा महिने होते. खटल्यात उभ्या राहणाऱ्या पन्नास साक्षीदारांची नावं आणि पत्ते सहा महिने आधी वर्तमानपत्रात छापून टाकल्यासारखं हे होतं. संख्या पुरवणारी कंपनी त्यानंतर तीन वर्षांत बंद पडली होती. ठरावीक साक्षीदारांना फितवता येईल अशी संयुक्त संख्या मुद्दाम घडवता येते, हे जुनं गणित आहे. एम.एस्सी.ला असताना ती ते शिकली होती, आणि शिकवायला अप्पाच होते.

तिनं आधी पन्नासच्या पन्नास साक्षीदार पुन्हा तपासले. सगळे म्हणाले, मूळ. मग ती बाल्कनीत गेली. अभिनंदन अंघोळीला गेला होता. खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या चाळीस गाड्यांच्या पाट्यांवरचे शेवटचे चार-चार आकडे तिनं वहीत उतरवले. सांगलीचे, कोल्हापूरचे, एक बेळगावचा ट्रक. एकशे साठ अंकांची एक संख्या तयार झाली. कुणी ठरवलेली नाही, कुणाला आधी सांगितलेली नाही. एक्कावन्नावा साक्षीदार.

लॅपटॉपला एक क्षणही लागला नाही. शेवटची बाकी एक आली. तिच्या आधीची एकही नव्हती आणि उणे एकही नव्हती. सहाशे सोळा अंकांचं तिसरंच काहीतरी होतं.

सहा वर्षं हे कुणीही करू शकत होतं. कुणीही केलं नव्हतं, कारण दाखला होता.

ती पुढची पायरी सवयीनं करून बसली. त्या तिसऱ्या वर्गमुळातून एक वजा केला आणि उरलेल्याचा व मोठ्या संख्येचा मसावि काढला. सहावीच्या पुस्तकातला मसावि. पडद्यावर दोनशे पाच अंकांची एक संख्या आली. मोठ्या संख्येला तिनं भागून पाहिलं. बाकी शून्य. आणखी एक साक्षीदार, आणखी एक मसावि, आणि राज्याची संख्या तीन तुकडे होऊन समोर पडली.

मग तिला समजलं की आपण काय करून बसलो.

संख्या मूळ नाही हे दाखवणं आणि ती फोडणं या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. जो साक्षीदार तिचं बिंग फोडी तोच मसावि काढायला लागणारं वर्गमूळ हातात ठेवून जाई. "ही संख्या तपासून पाहा" एवढं चारचौघांत म्हटलं तरी संध्याकाळपर्यंत हजार जणांकडे तुकडे असते. दोनशे-दोनशे अंकांचे तुकडे भाड्याच्या संगणकावर नऊ-दहा दिवसांत सुटतात. राज्यात त्या दिवशी एकोणीस हजार माणसं यंत्रावर श्वास घेत होती, आणि शिक्का आल्यावर विचारायचं नाही असा नियम होता.

न्हाणीतून अभिनंदनचा आवाज आला. "टॉवेल दे म्हणून सांग आत्याला. तू नको आणूस."

तिनं एका वर्तमानपत्राला पाठवायचा मजकूर लिहिलेला होता. चार ओळी. तो पाठवला असता तर उद्या सकाळी ह्याच माणसाला तिची माफी मागावी लागली असती. मजकूर तिनं पुसला नाही. लॅपटॉप बंद करून पिशवीत टाकला आणि पुण्याची गाडी पकडली.

किणीकर अप्पांचे विद्यार्थी. विद्यापीठात असताना महिन्यातून एक रविवार तरी ते मगदूमांच्या घरी जेवायला असत, आणि त्रिशलाची पाचवीतली प्रयोगवही त्यांनी काढून दिली होती. आता ते संमती नोंदणी कार्यालयाचे तांत्रिक संचालक होते. त्यांच्या खुर्चीमागच्या काचेच्या भिंतीवर ती संख्या कोरलेली होती, बारा ओळींत, सोनेरी.

"संख्या संयुक्त आहे," ती उभ्या उभ्या म्हणाली.

किणीकरांनी उठून दार लावलं. "कुणाला सांगितलंत?"

कशावरून, असं त्यांनी विचारलं नाही. त्रिशला खुर्चीत बसली.

"तुम्हाला माहीत आहे."

"बारा फेब्रुवारीपासून." त्यांनी फोनवरचा एक निरोप तिच्यापुढे धरला. अप्पांचा होता. *किणीकर, आपण फसलो. चिठ्ठी टाकून एक साक्षीदार बोलवा आणि संख्या ताबडतोब बदला. ने. भू. मगदूम.*

"फेब्रुवारी," ती म्हणाली. "आता ऑगस्ट आहे."

"सव्वा कोटी माणसांना केंद्रावर बोलावून नवे शिक्के द्यायचेत. कारण काय सांगायचं हे ठरवायलाच चार महिने गेले. अजून आठ लागतील. तोवर हे बाहेर पडलं तर काय होईल, तुम्हाला सांगायला नको."

"साक्षीदारांची यादी आधी छापायची बुद्धी कुणाला झाली?"

"लेखापरीक्षणवाल्यांची हरकत होती. चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी म्हणजे सोडत, म्हणाले. दर वेळी वेगळ्या संख्या घेता, मग निकाल पुन्हा पडताळायचा कसा? सर दोन तास भांडले. शेवटी थकले. पाचची सांगलीची गाडी होती त्यांना. सही करून गेले."

भिंतीवरच्या सोनेरी आकड्यांकडे तिनं पाहिलं नाही. "माझ्या वडिलांचं यंत्र थांबवायला माझा शिक्का कुणी दिला?"

"नोंद गोपनीय असते."

"लॅपटॉप माझ्या पिशवीत आहे, किणीकर सर. चार ओळींचा मजकूर तयार आहे."

किणीकरांनी तिच्या पिशवीकडे पाहिलं. मग टेबलावरचा पडदा वळवला. अकरा वाजून चार मिनिटं. शिक्का कोणत्या उपकरणावरून आला, त्या रकान्यात लिहिलं होतं, *अतिदक्षता, खाट सात, दृष्टी-पडदा*.

तिनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. खाट सातवर एकच माणूस होता आणि तो पडदा फक्त त्याच्या डोळ्यांना ओळखत होता.

"हे तुमच्याकडे कधीपासून आहे?"

"त्याच संध्याकाळपासून."

"अकरा दिवस. अकरा दिवस माझा भाऊ गावभर फोन करतोय की मी बाप मारला."

"मी हे दाखवलं असतं तर पहिला प्रश्न काय आला असता? सरांना तुझा शिक्का देता आला कसा." ते आता अहो-जाहोवरून खाली आले होते. "एका बाजूला एका माणसाची बदनामी, दुसरीकडे एकोणीस हजार जीव. तू गणितातली आहेस, त्रिशला."

"म्हणूनच विचारते. बेरजेत तुम्ही स्वतःला धरलंत की नाही? निवृत्तीला किती महिने राहिले?"

किणीकरांचा चेहरा तांबूस झाला. "नऊ."

"आणि संख्या बदलायला आठ. छान बसतंय."

"तू इथं भांडायला आली असशील तर..."

"नाही. लिहून घ्या. शिक्का आला तरी डॉक्टरांनी नातेवाइकाशी समोरासमोर बोलल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. परवापासून, सगळ्या रुग्णालयांत. एका परिपत्रकाचं काम आहे."

"कारण काय लिहू?"

"मानवी दृष्टिकोनातून, असं लिहा. त्याच्यापुढे तुमच्याकडे कुणी काही विचारत नाही."

त्यांनी लिहून घेतलं. पेन बंद करून म्हणाले, "आणि संख्या बदलेपर्यंत तू गप्प."

"हो."

"भावाशीसुद्धा."

अभिनंदनला एखादी गोष्ट समजली की ती त्याच्या बायकोला, वकिलाला आणि मामांना त्याच दिवशी समजे. "भावाशीसुद्धा."

ती दारापाशी गेल्यावर किणीकरांनी विचारलं, "सरांनी तुझ्यासाठी काहीच लिहून ठेवलं नाही?"

"नाही."

"लिहिलं असतं तर हे उघड झालं असतं."

"मला कळतंय ते," ती म्हणाली. "समजावू नका."

परतीच्या गाडीत कराडपर्यंत तिनं खिडकीबाहेर पाहिलं. अप्पांनी तिची गुप्त संख्या काढायचं गणित भाड्याच्या संगणकावर लावलं असणार. नऊ-दहा दिवस ते चाललं असणार. त्या नऊ-दहा दिवसांत ती रोज खाटेशी बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होती, तळहात चोळत होती, ओठांना लोणी लावत होती. आणि ते छताकडे पाहत उत्तराची वाट बघत होते. शेवटच्या सकाळी त्यांनी लिहिलं होतं, "आज तास किती वाजता?" ती म्हणाली, अकराला. "जा मग. उशीर नको." साठ मुलांसमोर ती असेल तेव्हाच त्यांनी वेळ धरली. तिला दूर ठेवायला, किंवा वाचवायला. त्यांच्या हिशेबी एवढं पुरेसं होतं. माणसं साठ मुलांपेक्षा एका हिरव्या खुणेवर जास्त विश्वास ठेवतील, हे त्या हिशेबात नव्हतं.

तुम्ही विचारलंत, ती मनात म्हणाली. मी नाही म्हटलं. मग तुम्ही माझ्या नावानं हो म्हणालात. आणि मला काय हवं होतं ते त्या सात पायऱ्यांत कुठंच नव्हतं.

राग येत होता आणि तो कुणासमोर काढावा असं माणूस उरलं नव्हतं. तिनं कराडला उतरून चहा घेतला. बेचव होता. पूर्ण प्यायली.

परिपत्रक खरंच दोन दिवसांत निघालं. वर्तमानपत्राच्या पाचव्या पानावर सहा ओळींत बातमी होती. अभिनंदननं ती मोठ्यानं वाचली आणि पेपर टेबलावर आपटला.

"बघ. आता विचारणार आहेत म्हणे. आपल्या वेळी काय झालं होतं ह्यांना?"

त्याची बॅग दारापाशी भरून ठेवलेली होती. आत्या त्याच्याबरोबर स्टेशनपर्यंत जाणार होती. तो खुर्ची ओढून त्रिशलासमोर बसला.

"वकिलाशी बोललो. तू शिक्का दिला नाहीस असंच म्हणत असशील, तर मी सोमवारी अर्ज टाकतो. कोर्ट स्वतंत्र तज्ज्ञ नेमेल. शिक्का, फोन, ती अप्पांची संख्या, सगळं उघड्या कोर्टात नव्यानं तपासतील. तू खरी असशील तर सुटशील. आणि खोटी असशील तर मला तुझं तोंड बघायचं नाही."

"आणि दिला म्हटलं तर?"

"तर कोर्टाचं काम नाही. कायद्यानं तुला हक्क होता. मग आपण दोघं बघून घेऊ." तो पुढं झुकला. "शेवटचं विचारतो, त्रिशे. दिलास?"

स्वतंत्र तज्ज्ञ. तो समितीची यादी वापरणार नाही, हुशार असेल, चिठ्ठी टाकेल. सगळं उघड्या कोर्टात, वार्ताहरांसमोर. परिपत्रकानं डॉक्टरांना दोन शब्द बोलायला लावले होते, पण ज्याला माणूस घालवायचाच आहे तो समोर येऊनही हो म्हणू शकतो, आणि मग दुसऱ्याच्या नावानं दिलेला शिक्का त्याचा पुरावा होतो. आठ महिने. तिनं मोजलं. फार नाहीत. आठ महिन्यांनी हे सांगता येईल का, आणि तेव्हा कुणी ऐकेल का, ते तिनं मोजलं नाही.

"हो," ती म्हणाली.

"हो काय?"

"शिक्का मी दिला."

आत्याच्या हातातली पिशवी खाली टेकली. अभिनंदन हलला नाही. बहुधा, तो इतके दिवस ओरडत होता तेव्हा मनात कुठंतरी तिनं शेवटपर्यंत नाहीच म्हणावं असं त्याला वाटत होतं.

"अप्पांनी सांगितलं तुला?"

"विचारलं त्यांनी."

"किती वेळा?"

"तीनदा."

"आणि तू हो म्हणालीस."

"हो म्हणाले."

जूनमध्ये हे दोन शब्द म्हणायला तिची जीभ उचलली नव्हती. आता ते सहज निघाले, आणि त्यांना ऐकायला हवा होता तो माणूस नव्हता.

"मला का नाही सांगितलंस मग?" अभिनंदनचा आवाज बारीक झाला होता. "अकरा-बारा दिवस माझ्या तोंडावर खोटं बोलत राहिलीस. माझ्याकडून काय काय बोलवून घेतलंस."

तिनं टेबलावरचा पेपर घडी घालून बाजूला ठेवला.

"फोन काढ," तो म्हणाला.

"कशाला?"

"माझी संमतीधारक तू आहेस. बायकोला नको म्हणून तुला नेमलं होतं, मूर्खासारखं. उद्या मला काही झालं तर तू खुर्चीत बसून अंगठा दाबशील आणि चार दिवसांनी आठवत नाही म्हणशील. तुझं नाव काढायचंय. अर्ज बोलून दिलाय मी, त्याला तुझाही शिक्का लागतो."

तिनं फोन काढला. त्याचा अर्ज आलेला होता. *अभिनंदन नेमिनाथ मगदूम यांच्या संमतीधारक पदावरून आपले नाव वगळण्यात येत आहे. आपली संमती आहे काय?*

"अभी, राहू दे की आता," आत्या दारातून म्हणाली. "गाडी चुकेल."

"नाही. आत्ताच."

त्रिशलानं अंगठा टेकवला आणि फोन डोळ्यांसमोर धरला. नोंदणी झाल्यापासून सहा वर्षांत तिनं कुणालाही दिलेला हा पहिला शिक्का होता. फोननं तो पाठवायला जरा वेळ घेतला.

अभिनंदन स्वतःच्या पडद्याकडे पाहत उभा राहिला.

"आला," तो म्हणाला, आणि बॅग उचलली.